तळघरातल्या दोन बाटल्या

"नुसतं 'छान आहे' म्हणू नकोस. नेमकं सांग," मामा म्हणाले. तापानंतर त्यांना कसलाच वास येत नव्हता. तीस वर्षं तळघरात जपलेल्या वाइनच्या सगळ्या बाटल्या उद्या एक संग्राहक घेऊन जाणार होता. त्याआधी मामींनी आपल्या मनाने दोन बाटल्या उघडल्या होत्या, एक फ्रेंच आणि एक अमेरिकन. कोणत्या, ते मामांना सांगितलं नव्हतं.

नुकत्याच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या गार्गीने पहिला ग्लास हुंगला, मग घोट घेतला. "पिकून फुटलेलं जांभूळ. थोडा व्हॅनिला. गिळल्यावर छातीत ऊब."

"आणि दुसरी?"

"ही लाजाळू आहे, मामा." तिने ग्लास फिरवून पुन्हा नाकाशी नेला. "आत्ताच टोक केलेली पेन्सिल. ओली माती. फळ आहे, पण मागच्या खोलीत बसल्यासारखं."

मामांनी डोळे मिटले. "दुसरी फ्रेंच, नव्वद सालची. माझ्याकडे पेन्सिलीच्या वासाची ती एकच. पहिली अमेरिकन, दिलदार हो!"

"अगदी बरोबर!" मामी म्हणाल्या. गार्गी बघतच राहिली. वास तिला आला होता, ओळख मात्र त्यांना पटली होती.

मामांनी संग्राहकाला फोन लावला. "साहेब, उद्या गाडी पाठवू नका." मग ते गार्गीकडे वळले. "दर रविवारी यायचं. आणि अत्तर लावून आलीस तर दारातूनच परत पाठवीन."

"तुम्हाला कळणार आहे का, मामा?"

मामी दचकल्या. मामा मात्र खो खो हसत सुटले, तापानंतर पहिल्यांदाच.