चार बोटं गाळ

तपासणीला आलेल्या साहेबांनी डोंगरावरच्या चौकीशेजारच्या झाडाला टेप लावला आणि मान हलवली. "दहा वर्षांत खांद्याएवढीच? आणि रांगा तरी सरळ लावायच्या!"

"रांगा उताराला आडव्या लावल्यात, साहेब. डोंगरच वळतो, त्याला मी काय करू?" ही झाडं लावून वाढवणारी राखणदार बाई म्हणाली. बोलली तोऱ्यात, पण जीव टांगणीला लागला होता. 'असफल' असा शेरा पडला की कुंपण निघणार आणि इथे दगडखाण येणार.

"वर वारा फार. वाढू देत नाही," ती हळूच म्हणाली.

"फॉर्ममध्ये वाऱ्याचा रकाना नाही, बाई. उंचीचा आहे."

इतक्यात पायवाटेवरून बाटल्यांचा किणकिणाट ऐकू आला. या डोंगरावरून येणाऱ्या नदीचं पाणी गाळून खालच्या गावाला सोडणारा फिल्टरवाला डोक्यावर क्रेट घेऊन धापा टाकत वर आला. तपासणीची बातमी त्याच्या कानावर गेली होती. नमस्कार-चमत्कार न करताच तो चौकीच्या पायरीवर एकेक बाटली मांडायला लागला. दहा बाटल्या, प्रत्येकीवर सालाची चिठ्ठी.

"सगळ्यात मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी नदीची एक बाटली भरून ठेवतो. आपली एक खोड. बायको म्हणते, लोक फोटो जपतात, तुम्ही चिखल जपा."

साहेब वाकले. पहिल्या बाटलीच्या तळाशी चार बोटं गाळ होता. पुढे तीन, पुढे दोन. यंदाच्या बाटलीत चिमूटभर.

"पूर्वी पावसाळ्यात आठ-आठ दिवस नळ बंद ठेवावे लागायचे. यंदा एक दिवससुद्धा नाही. झाडं बुटकी असतील, साहेब, पण डोंगर त्यांनीच धरून ठेवलाय."

साहेबांनी टेप पहिल्या बाटलीतल्या गाळाला लावला, शेवटच्या बाटलीतल्या गाळाला लावला आणि उंचीच्या रकान्यात झाडांच्या आकड्याखाली ते दोन्ही आकडे लिहिले. शेरा दिला: सफल. कुंपण ठेवावे.

बाईचे डोळे भरून आले. "दादा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? अख्खं गाव तुमच्या जिवावर पाणी पितंय, ताई. आभार मानायला कधीच यायचं होतं. गुडघ्यांचं निमित्त करून आज-उद्या करत राहिलो."

बाईने डोळे पुसले आणि पहिली बाटली उचलली. "ही मला देता?"

"न्या की."

जवळच्या झाडापाशी बसून तिने बाटली नीट हलवली आणि सगळा गाळ मुळाशी ओतला.

"आलीस घरी?" ती मातीला म्हणाली. "आता हलायचं नाही."