केशरी जॅकेट

बुडालेल्या सावेलीला बाकावर झोपवलं, तेव्हा त्याच्या दाढीतून अजून डॅन्यूबचं पाणी ठिबकत होतं. उलिता रडत नव्हती. ती नवऱ्याशी भांडत होती.

"किती वेळा सांगितलं तुला! वल्ही हातात घ्यायच्या आधी जॅकेट अंगात घाल. ऐकलंस कधी? मी म्हणजे काय, रिकामी कटकट!"

शेजारणींनी माना हलवल्या. सगळ्या गावाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कोळ्यांच्या सोसायटीनं केशरी लाइफ जॅकेटं वाटली. सावेली हसून म्हणाला होता, "मी काय कुकुलं बाळ आहे?" आणि जॅकेट बुडाखाली घेऊन बसला. निम्मं गाव तसंच करायचं. मार्चात नावेची फळी बर्फासारखी गार लागते हो, आणि जॅकेट कसं मऊ! उलिता मात्र रोज धक्क्यापर्यंत बडबडत जायची. आता तो राग होता, म्हणून तर ती उभी होती.

सावेलीचा धाकटा भाऊ निकिफोर दारात आला. त्याच्या हातात ओलं बोचकं होतं.

"आत आणू नकोस ते," उलिता कडाडली. "शेवटपर्यंत त्याच्यावर बसूनच राहिला ना?"

"नाही वहिनी. मी मागच्याच नावेत होतो. मोठ्या जहाजाची लाट आली. दादानं वल्ही टाकली, उठला आणि खाली वाकला. मला वाटलं, जाळं सांभाळतोय. तोवर नाव आडवी झाली. तो जॅकेट काढत होता, वहिनी. घालायला."

त्यानं बोचकं टेबलावर ठेवलं. जॅकेटावर निळ्या फुलांचा अभ्रा होता. पडद्यातून उरलेल्या कापडाचा, उलितानंच शिवलेला. चिखल, खवले लागू नयेत, वेळेला जॅकेट कसं नवंकोरं निघावं म्हणून. अभ्र्याला पाच बटणं. चार सुटली होती. पाचवं काजात तसंच अडकलेलं होतं.

उलिता सावेलीच्या पायाशी मटकन खाली बसली.

"हट्ट नडला गं बाई त्याचा," शेजारीण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

"कसला हट्ट?" उलिता म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "आज ऐकलं गं त्यानं माझं. काजं मीच बारीक काढली होती."