बाहेरची चाकं

चाकांच्या खुर्चीची पुढची चाकं पायरीला टेकली, तशी खुर्चीत बसलेल्या सुमिएबाईंनी दोन्ही हातांनी मोठी चाकं रोखून धरली.

"थांब. ही रस्त्यावरची चाकं आहेत."

"पुसतो," हिदेआकी म्हणाला. दोन महिने दवाखान्यात पडून आईच्या पायांतलं बळ गेलं होतं. आजच तिला घरी आणलं होतं. जोडे काढायच्या जागेत उकिडवं बसून त्याने चाकं ओल्या फडक्याने पुसली.

"पुसलेले जोडे घालून तू कधी घरात आला होतास का?" आईने विचारलं.

त्याची बायको मिसातो हसली आणि नवऱ्याचं तोंड पाहून गप्प झाली. "आई, मी जुनी चादर अंथरते. तातामीच्या चटयांना डाग नाही पडायचा."

"डागाचं नाही गं. घर आहे हे, स्टेशन नव्हे."

हिदेआकीने पुढे ऐकलंच नाही. दोघांनी मिळून आईसकट खुर्ची उचलली आणि पायरीवरच्या लाकडी बोळात टेकवली. पण खोलीच्या दाराशी खुर्ची उंबऱ्याला अडली. त्याने ती मागे घेतली आणि जोरात पुढे रेटली. सरकत्या दाराचा कागद थरथरला.

"अरे, उंबऱ्यावर! उंबऱ्यावर पाय म्हणजे बापाच्या डोक्यावर पाय. किती वेळा सांगितलंय तुला?"

"पाय नाही, चाक आहे! आणि बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली!"

"म्हणून काय डोकं राहिलं नाही त्यांना?"

"उद्या सुतार बोलावतो," हिदेआकी ओरडला. "सगळे उंबरे काढून टाकतो! परवापासून मी कामावर जाणार. मिसातोने एकटीने काय करायचं? तुला डोक्यावर घेऊन फिरायचं?"

"मग मला दवाखान्यात सोड. तिथे उंबरे नाहीत."

तो तरातरा अंगणात निघून गेला. पर्सिमनच्या झाडाखाली उगाच उभा राहिला. पिकून पडलेलं एक फळ त्याने लाथेने उडवलं, ते फुटून मोज्याला चिकटलं. बाहेर येताना जोडे घालायचेच राहून गेले होते.

मोजे काढून, पाय धुऊन तो परत आला, तेव्हा आई बोळातच होती. शेजारी ठेवलेला चहा निवला होता. ती उघड्या दारातून आतल्या देव्हाऱ्याकडे पाहत होती.

तो तिच्यापुढे पाठ करून खाली बसला. आईने त्याच्या गळ्यात हात टाकले. वाटली होती त्यापेक्षा ती जड होती. उठताना त्याचा गुडघा कटकन वाजला. उंबरा ओलांडताना त्याने पाय चांगला उंच उचलला.

आईने देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोपुढे हात जोडले. हिदेआकी बाजूला बसून धापा टाकत होता.

"हिदेआकी," थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला लघवीला जायचंय."

त्याने डोळे मिटले.

"मी नेते," मिसातो म्हणाली आणि सासूपुढे पाठ करून बसली. सुमिएबाईंनी तिचे बारीक खांदे पाहिले. हात पुढे केले, मग परत मांडीवर ठेवले.

"तू ऊठ, बाळ," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे न बघता बोलल्या, "उद्या बोलव सुताराला. पण काढलेलं लाकूड जमिनीवर टाकू देऊ नकोस. कुणाचा तरी पाय पडेल."