तपकिरी भुसा

झाडाचा रस गोळा करायला टांगलेली तिसरी बादलीही कोरडी ठणठणीत. ब्लांडीनने वाकून पाहिलं. मेपलच्या बुंध्याशी, बर्फावर गिरमिटाचा भुसा पडला होता. तपकिरी.

जिवंत लाकडाचा भुसा पांढरा असतो. तिच्या नवऱ्याने, आदेलारने, यंदा भोकं पाडली होती ती गेल्या वर्षीच्या भोकांना खेटून, मेलेल्या लाकडात. तिथून रस यायचा नाही. खाली झोपडीत रस आटवून सिरप करायची काहील रिकामीच होती. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात हे सगळं तिला शिकवलं होतं ते त्यानेच.

"जमतंय ना बाबांना?" रेमी चढण चढून आला. मुलगा शहरातून आला होता तो हेच बघायला. बाबांना झाडं सांभाळता आली नाहीत तर त्यांना वृद्धाश्रमात न्यायचं, असं त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं.

"न जमायला काय झालं? डोळे मिटून करतील ते." ब्लांडीनने घाईघाईने भोकातली रसाची नळी उपटली आणि दुसरीकडे भोक पाडायला गिरमिट उचललं. तेवढ्यात मागून आदेलारच आला. त्याने भोक पाहिलं, भुसा पाहिला आणि त्याचा पारा चढला.

"कुणी केला हा गाढवपणा?"

रेमी आईकडे बघू लागला.

"मी," ब्लांडीन म्हणाली. "चुकलंच माझं."

"अगं, जन्म गेला तुझा या झाडांत! सरक, दे इकडे."

"आई, तूसुद्धा ना!" रेमी हसला. त्याचा चेहरा सैलावला. ब्लांडीनला इतकं हलकं वाटलं, की असली बोलणी तिने रोज खाल्ली असती.

आदेलार शेजारच्या झाडापाशी गेला. हातमोजा काढून त्याने सालीवरून हात फिरवला आणि जुना व्रण बोटाने बरोबर हेरला.

"हे इथलं मेलेलं. इथून वीतभर लांब जायचं. कळलं?"

"कळलं."

"मग बघ नीट."

त्याने गिरमिट टेकवलं ते बोटाच्या अगदी शेजारी, आणि जोर लावून फिरवू लागला.

तपकिरी भुसा पडू लागला. ब्लांडीनने बूट पुढे सरकवून तो झाकला. रेमी तिच्या बुटाकडेच बघत होता.