बाईंची खुर्ची

"इथं बसा, बाई. इथून आवाज छान जाईल," असं म्हणत विनायकरावांनी खुर्ची रंगमंचाच्या मागच्या काळ्या पडद्याआड ठेवली.

कुसुमावतीबाईंनी आधी खुर्चीकडं पाहिलं, मग पडद्याकडं. आवाज तेवढा लोकांपर्यंत जाणार, बाई नाही जाणार, हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. वीस वर्षं त्या तमाशाच्या फडात नाचल्या होत्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या, फेटे उडवले, कुणी खडेही मारले. पण लपवून बसवलं नव्हतं कुणी.

"आणि कार्यक्रमाच्या कार्डावर माझं नाव?" त्यांनी विचारलं.

"अहो बाई, जागाच नव्हती," विनायकराव म्हणाले. कार्डावर केटररचं नाव होतं, लायटिंगवाल्याचं होतं, मंडपवाल्याचं तर फोन नंबरसकट होतं. "गैरसमज नको. आमच्या कंपनीचे मोठे लोक येतायत. तमाशातल्या बाई म्हटलं की ते भलतंच काही समजतील. मुली चांगल्या घरच्या आहेत, यू नो."

चांगल्या घरच्या! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या चांगल्या घरच्या मुलींना तीन वर्षं शिकवलं कुणी? विनायकराव सरकारी नोकरी सोडून गुडगावच्या परदेशी टीव्ही कंपनीत गेले, इतर मराठी घरांतही केबल आली, आणि पोरी दिवसभर त्या डब्यासमोर. तेव्हा आयाच फरीदाबादला बाईंच्या दारात आल्या होत्या, "मुलींना मराठी काहीतरी यायला हवं हो," म्हणत. बाईंचा भाचा अंबादास तिथल्या कारखान्यात लेथवर होता, बाई त्याच्याकडंच राहायच्या. त्याच्या दोन खोल्यांत नऊ मुलींच्या पायांत चाळ बांधले गेले.

पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. माझ्याकडं पाठ करायची नाही. फडात गुरूला पाठ दाखवत नाहीत." मुली उलट्या पावलांनी बाहेर पडायला लागल्या. विनायकरावांची उत्तरा धाडकन कूलरवर आदळली आणि "यार, ये क्या रूल है!" म्हणून खो खो हसली. आठवडाभरात मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. तालमीला बाई समोर बसायच्या आणि मुली त्यांच्याकडं बघून नाचायच्या. बाई समोर नसल्या तर काय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मावशी, चल घरी," ढोलकी बगलेत मारत अंबादास म्हणाला. "असली लाचारी नको आपल्याला."

"गप. ढोलकी सुरात लाव," बाई म्हणाल्या. त्यांनी उत्तराला जवळ बोलावलं. पोरगी नऊवारीत झकास दिसत होती, सोळा वर्षांची, नाकात नथ. बाईंनी तिची नथ सरळ केली.

"मी कुठं बसलेय, बघितलंस ना?"

उत्तरानं खुर्चीकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. तिचे डोळे एकदम चमकले. "बघितलं, बाई. बिल्कुल बघितलं," ती म्हणाली आणि मुलींकडं पळाली.

ढोलकी कडाडली. बाईंनी माइक तोंडाशी धरला आणि आवाज लावला. पुढचा पडदा वर गेला. पहिल्या रांगेत कंपनीचे साहेब, त्यांच्या बायका, हातात कॅमेरे. समोर नऊ नऊवाऱ्या, नऊ अंबाडे, नऊ गजरे. सगळ्या पाठमोऱ्या.

लावणीची सुरुवात अशीच असते, असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं कडवं झालं. मुली फिरल्या, झुकल्या, पदर उडाले, चाळांचा नुसता पाऊस पडला. पण गिरकी संपली की तोंडं पुन्हा काळ्या पडद्याकडं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. साहेब कॅमेरा खाली घेऊन मान वाकडी करून बघायला लागले.

नुसती ढोलकी चालू असताना विनायकराव घामाघूम होऊन पडद्याआड आले. "बाई, हे काय चाललंय? वळायला सांगा त्यांना!"

बाईंनी माइकवर हात ठेवला. "त्या माझ्याकडं पाठ करायच्या नाहीत, साहेब. मला इथं तुम्हीच बसवलंत."

"मग आता?"

"आता खुर्ची उचला."

विनायकरावांनी बाजूच्या जिन्याकडं बोट केलं. बाईंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. काळा पडदा हातानं सारला आणि त्या सरळ उजेडात आल्या. पांढरे केस, साधं जुनेर, हातात माइक आणि मागं लांबलचक वायर. त्यांच्या मागं खुर्ची घेऊन विनायकराव. अंबादासला एवढं बळ आलं की त्यानं ढोलकी फोडायचीच बाकी ठेवली.

"ये कौन हैं?" पहिल्या रांगेतून साहेबांनी विचारलं.

विनायकराव खुर्ची पोटाशी धरून उभे राहिले.

"तमाशावाली हूं, साहब," बाई माइकवरूनच म्हणाल्या. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "ये नौ मेरी चेलियां हैं."

मग त्या रंगमंचाच्या पायऱ्या उतरायला लागल्या. वर नऊ मुली नाचता नाचता त्यांच्याबरोबर वळत होत्या. विनायकरावांनी साहेबांच्या शेजारी, अगदी मधोमध, खुर्ची मांडली. पदरानं तिच्यावरची धूळ झटकून कुसुमावतीबाई ऐसपैस बसल्या, आणि तेव्हा कुठं सभागृहाला मुलींची तोंडं नीट दिसली.