थेट जोडणी

मेथी निवडताना शैलजाताईंचा फोन वाजला आणि आपोआप उचलला गेला. नवा कायदाच तसा होता. अफवेच्या मेसेजवरून कुणाला मारहाण सुरू झाली, की तो मेसेज पुढे पाठवणारा प्रत्येकजण थेट तिथे जोडला जाई.

पलीकडून एक माणूस कळवळला, "मुलं पळवणारा नाही हो मी! चादरी विकतो!"

"अगं बोल! मेसेज खोटा होता म्हण," त्यांचे यजमान मोरेश्वर म्हणाले. "जमावाला ऐकू जातंय."

"आणि माझं नाव कळलं म्हणजे?"

"सात ग्रुपवर टाकताना बरं नाही सुचलं हे!"

शैलजाताई फोनजवळ वाकून पुटपुटल्या, "मी आपला आला तसा पाठवला."

तिकडे शेकडो अनोळखी आवाज आधीपासून तेच म्हणत होते. त्या गलक्यात चादरीवाला ऐकू येईनासा झाला.