तीन नंबरचा कॉम्प्युटर

"मोठ्यानं वाचा की मॅडम. चाळीस वर्षं भट्टीपाशी काढल्यात ह्या कानांनी."

"लेकीनं दिलेलं मशीन घाला की कानात, आण्णा," पार्टिशनपलीकडून पिराजी म्हणाला. "दिवाळीपासनं खणात पडलंय."

"ते म्हाताऱ्यांनी घालायचं!"

प्रभुलिंग आण्णा खुर्चीत पुढं सरकले. विद्याश्रीनं हातातले कागद उगीचच सारखे केले. फौंड्रीच्या ऑफिसात ब्रॉडबँड येऊन चार महिने झाले होते, आणि त्यावर कोण काय बघतं याची यादी कॉम्प्युटरवाल्यानं आज पहिल्यांदाच काढून दिली होती. ज्याचं चुकलं त्याची वायर काढायची, असं आण्णांनी सकाळीच जाहीर केलं होतं. यादी इंग्रजीत, आणि मालकांना त्यातले फक्त आकडे कळत. परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहायला विद्याश्री होती, म्हणून वाचायचं काम तिच्याकडं आलं. लोक काय शोधतात ते शब्दसुद्धा त्यात उतरतात, हे तिला कागद हातात पडेपर्यंत माहीत नव्हतं.

"एक नंबर," तिनं सुरुवात केली. "क्रिकेटचा स्कोर. रोज तासभर."

"पिराजी! तू बघितल्याशिवाय पडत न्हाईत व्हय रं विकेटी?"

"दोन नंबर. लग्न जुळवायची साइट. सव्वा तास."

"सयाजी, गेल्या वर्सी लगीन झालंय की तुझं!"

"मेव्हणीसाठी बघतोय आण्णा, आईशप्पथ!"

"मेव्हणीचं तिचा बा बघंल. तू मालाची चलनं बघ."

ऑफिस हसलं. विद्याश्रीही हसली, आणि हसता हसताच तिनं पान उलटलं. "चार नंबर..."

"तीन ऱ्हायला."

"तीनवर काही नाही आण्णा. कामाचीच पत्रं."

आण्णांनी कागद ओढून घेतला. त्यांचं जाड बोट आकड्यांवरून खाली खाली आलं. "पावणेदोन ते सव्वादोन. सोमवारची सुट्टी सोडून रोज." त्यांनी मान वर केली. "ही जेवायची येळ. तीन नंबर तुमचाच न्हवं? मग डबा कवा खाता?"

तिचा डबा रोज भरलेलाच ऑफिसातून निघायचा. सासूबाईंनी विचारू नये म्हणून बसमध्ये चढायच्या आधी स्टॉपजवळच्या गाईपुढं तो रिकामा व्हायचा.

"काय लिवलंय, वाचा."

तिनं ओळ बघितली. एकच ओळ, एकवीस वेळा. इंग्रजीत टाइप करताना ती कुणा दुसऱ्याच बाईच्या मुलाची वाटायची. मराठीत ते वाक्य तिनं अजून कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. नवऱ्याजवळसुद्धा नाही. घरी सासूबाई नातवाचं कौतुक सांगायच्या, "आमचा सोमेश लई गुणाचा. डोक्याशी कुकर वाजला तरी झोप मोडत न्हाय." येणारी-जाणारी हसायची, आणि ही उठून आत जायची.

तिनं हळूच सांगितलं.

"आँ?"

तिनं पुन्हा सांगितलं. आण्णांनी कानामागं हात धरला. "मोठ्यानं, मॅडम!"

"सोळा महिन्यांचं बाळ," ती ओरडली, "हाक मारली तरी वळून बघत नाही!"

पार्टिशनपलीकडची खटखट थांबली. मागच्या शेडमध्ये ग्राइंडर तेवढा चालू राहिला. विद्याश्रीनं पदर तोंडाला लावला, पण शब्द केव्हाच बाहेर पडले होते.

आण्णांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. न कळणारी अक्षरं, आणि पुढं त्यांना कळणारा तो आकडा, एकवीस. मग वाकून त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. खोकल्याच्या गोळ्या बाजूला झाल्या, तपकिरीची डबी बाजूला झाली, तळातून एक लहानशी पेटी वर आली. पार्टिशनवरून पिराजीची मान डोकावली आणि लगेच खाली गेली.

भट्टीवर राबलेल्या त्या बोटांना ते इवलंसं मशीन धरता येईना. दोनदा निसटून कागदावर पडलं. तिसऱ्यांदा कानात बसलं, बारीक शिट्टी वाजली, आणि आण्णांनी डोळे गच्च मिटून घेतले.

मग ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

"हां." इतक्या वर्षांत त्यांचा एवढा हलका आवाज कुणी ऐकला नव्हता. "आता बारीक बोललीस तरी चालंल, पोरी. पयल्यापासनं सांग."